एकशे सतरा, गैरहजर

ज्यांच्या घरात कुणी परीक्षेला बसलेलं नाही अशी माणसंसुद्धा आमच्या मास्तरांनी लावलेलं वेळापत्रक वाचायला शाळेत यायची. वरचा अर्धा कागद नेहमीसारखाच असायचा. कोणत्या दिवशी कोणता पेपर, सकाळी किती वाजता, दुपारी किती वाजता. मॅट्रिकची परीक्षा त्या काळी युनिव्हर्सिटी घेत असे आणि भोरला तिचं केंद्र नुकतंच मिळालं होतं. खालचा अर्धा कागद मात्र मास्तरांचा स्वतःचा. त्यावर लाल शाईनं गावांची नावं असायची. 'कापूरहोळहून चालत तीन तास. कामथडीहून चार. भोंगवलीहून पाच, बैलगाडी मिळाल्यास विश्वास ठेवू नये. वेल्ह्याकडील उमेदवारांनी आदल्या दिवशी निघावे.' हे आकडे अंदाजाचे नव्हते. दर सुट्टीत मास्तर काळा कोट आणि छत्री घेऊन निघायचे, खिशातलं घड्याळ बघत एकेक वाट चालायचे आणि परत येऊन वहीत टिपून ठेवायचे.

ते आम्हांला गणित शिकवत. एकटे राहत, खानावळीत जेवत. पायात कायम कॅनव्हासचे बूट, त्यामुळे ते मागे येऊन उभे राहिले तरी कळायचं नाही. वर्षभर ते मुलांना अरे-तुरे करत आणि छडीही मारत. पण फेब्रुवारीत बैठकीचे नंबर आले की त्यांची भाषा बदलायची. "नंबर मिळाला म्हणजे तो उमेदवार झाला," ते म्हणत. "उमेदवाराला अहो म्हणायचं." काल ज्याचा कान पिळला त्याच मुलाला ते विचारायचे, "आपली टाकाची निबं तपासलीत का?" आधी आम्हांला हसू यायचं. मग यायचं नाही.

नियम ते वर्गात पाठ करून घेत. अर्धा तास उलटला की आत प्रवेश नाही. पहिला तास होईपर्यंत बाहेर जाणं नाही. एका विषयात गैरहजर तो सगळ्यांत नापास. शेवटी एक वाक्य ते स्वतःचं जोडायचे. "पेपर अवघड नसतो रे. हजर राहणं अवघड असतं."

मास्तरांना मोजायची खोड होती. देवळात कीर्तनाला गेले तरी ते आधी माणसं मोजत. आमच्याच आळीत एकदा मुंज होती. पंगत बसायची होती, पानं मांडून झाली होती. मास्तर पानांच्या कडेनं सावकाश चालत गेले, परत आले आणि यजमानांना म्हणाले, "शेवटून दुसरं पान काढा. तिथं कुणी बसत नाही." यजमान हसले. ते पान त्यांच्या मेहुण्यासाठी धरलं होतं, ते वाटेतच होते. पंगत उठली, दुसरी बसून उठली, ते पान तसंच राहिलं. मेहुण्यांच्या गाडीचा आस घाटात मोडला होता. ते दुसऱ्या दिवशी लंगडत आले. त्यानंतर आळीतली माणसं मास्तरांना आमंत्रण द्यायची, पण जेवण घरी पोहोचवायची.

मुलांची खरी भीती वेगळीच होती. परीक्षेच्या चार दिवस आधी दुपारच्या वेळी मास्तर हॉल आतून लावून घेत. साठ-सत्तर बाकं, प्रत्येकावर खडूनं नंबर. ते एकेका बाकावर जाऊन बसायचे. मी इंग्रजी सहावीत, म्हणजे मॅट्रिकच्या आदल्या वर्षात असताना मैत्रिणीबरोबर खिडकीच्या फटीतून हे बघितलंय. बसायचे, डोळे मिटायचे, हातात टाक असल्यासारखी बोटं धरायचे आणि ओठांतल्या ओठांत शंभर मोजायचे. मग उठून नंबर मोठ्यानं म्हणायचे, बाकावर बोटाची गाठ वाजवायचे आणि चिनी मातीची दौत बाकाच्या भोकात बसवायचे. बाहेर एक पान हलत नव्हतं. नंबर, टकटक, दौत. नंबर, टकटक, दौत. एका बाकावर ते बसले आणि बसल्या बसल्या उठले. मार्चच्या त्या उन्हात त्यांनी कोटाची सगळी बटणं लावली. नंबर म्हटला नाही, गाठ वाजवली नाही. दौतही ठेवली नाही. पुढच्या बाकाकडे गेले.

त्या वर्षी वेल्ह्याकडचा एक मुलगा परीक्षेला आला नाही. का, ते कुणालाच कळलं नाही. त्याच्या आदल्या वर्षी ज्या बाकावर दौत नव्हती तो मुलगा घरात कुणाला न सांगता पलटणीत भरती होऊन लढाईवर गेला होता. आणि त्याच्याही आदल्या, म्हणजे केंद्राच्या पहिल्याच वर्षी, एक मुलगा देवी येऊन परीक्षेच्या सकाळीच गेला. तीन वर्षं, तीन बाकं. मुलं आदल्या संध्याकाळी आपला नंबर बघायला जायची ती नंबर बघायला नाही, दौत बघायला जायची. मास्तरांना याबद्दल विचारायची हेडमास्तरांचीही छाती नव्हती. नव्या केंद्राची एवढी काटेकोर व्यवस्था दुसरं कुणी ठेवणार नव्हतं, हेही होतंच.

चौथ्या वर्षी मी मॅट्रिकला होते. आम्ही दोघीच मुली. माझा नंबर एकशे सतरा.

परीक्षेच्या दोन दिवस आधी मी बाक बघायला गेले. हॉलच्या दारात शाळेचा म्हातारा शिपाई बसला होता. मला बघून तो उठला आणि वाट अडवून उभा राहिला.

"ताई, आता नगा जाऊ. उद्या या."

"का?"

तो माझ्याकडे बघेना. "तुमच्या बाकावं दौत न्हाई बगा," तो म्हणाला.

मी आत गेले. भिंतीकडच्या रांगेत तिसरं बाक. भोक रिकामं होतं आणि त्याच्या कडेला मागल्या वर्षीच्या शाईचा वाळका डाग होता. मी शिपायाला म्हटलं, कोठीतली एखादी दौत आणून ठेवा की. त्यानं कानाला हात लावला. "माजा हात न्हाई धजत, ताई."

मास्तर गणिताच्या खोलीत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे लावत होते. मी दारातूनच विचारलं, "मास्तर, एकशे सतरावर दौत राहिलीय का?"

"राहिली नाही."

"मग?"

त्यांनी गठ्ठा खाली ठेवला. "तुम्ही बसा त्या बाकावर, मी नको म्हणत नाही. पण मी तिथं बसून पाहिलं. तिथं कुणी नाही."

"मी काय केलंय?"

"काही नाही. मी तरी काय केलंय?" ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज ऐकून मला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस आमच्याहून जास्त घाबरलेला आहे. "मला जे लागतं ते मी नोंदतो. खोटी दौत कशी ठेवू?"

घरी आले तेव्हा वडील जेवायला बसले होते. ते संस्थानच्या कचेरीत कारकून होते, फार बोलत नसत. मी वाढता वाढता सांगितलं की मास्तरांनी माझ्या बाकावर दौत ठेवली नाही. वडिलांचा घास हातातच राहिला.

"त्याला कुणी सांगितलं?"

"काय सांगितलं?"

वडिलांनी डाव्या हातानं कोटाच्या खिशातून पत्र काढलं. पुण्याहून दुपारच्या टपालानं आलेलं, त्यांनी कचेरीत फोडलेलं. आईलाही अजून दाखवलं नव्हतं. माझ्यासाठी बघितलेल्या मुलाचे चुलते अंथरुणाला खिळले होते आणि डोळे मिटायच्या आत लग्न बघायचं म्हणत होते. मुहूर्त जवळचा धरला होता. परीक्षेच्या चौथ्या दिवशी, पुण्यात, अगदी घरच्या घरी. परवा सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं आम्ही निघायचं.

"परवा माझा पहिला पेपर आहे," मी म्हटलं.

"परीक्षा दर वर्षी येते. असं स्थळ येत नाही." मग त्यांनी पत्रावरचा शिक्का बघितला आणि ते हळूच म्हणाले, "पण हे पत्र आज दुपारी बाराला आलं. तो बसला कधी त्या बाकावर?"

"परवा," मी म्हटलं.

वडील न जेवता उठले. पण बेत बदलला नाही. उलट मला वाटतं, मास्तरांच्या त्या बाकानं त्यांना धीर आला. जे ठरलेलंच आहे ते आपण करतोय, असं त्यांना वाटलं असावं. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. दुसऱ्या दिवशी मी पुस्तकाला हात लावला नाही. एवढं वाईट नाही, मरण तर नाही ना, असं मनाला सांगत साड्यांच्या घड्या घालत बसले.

तिसऱ्या दिवशी पहाटे आईनं माझी वेणी घातली. ती दोन दिवसांनी माझ्या मामाबरोबर येणार होती. घट्ट वेणी घालता घालता ती सहज बोलावं तसं बोलली, "कापूरहोळला गाडी बदलायला पाऊण तास जातो म्हणे." मी वळून बघितलं तर ती फणीतले केस काढत होती. माझं बोचकं तिनंच बांधलं होतं. ते हातात घेतलं तेव्हा आत काहीतरी काचेवर वाजलं. दशम्यांच्या फडक्याखाली माझी शाईची बाटली होती आणि टाक.

सात वाजता मोटार सुटली, पावणेआठला कापूरहोळला पोहोचली. साताऱ्याकडून येणारी पुण्याची गाडी अजून यायची होती. वडिलांना ओळखीचे एक मामलेदार भेटले. ते दोघं चहाच्या टपरीपुढे बोलत उभे राहिले. मी बोचकं छातीशी धरलं आणि आलो त्या रस्त्यानं चालायला लागले. पहिलं वळण येईपर्यंत पळाले नाही. वळणाआड गेल्यावर पळाले.

तीन तास, असं लाल शाईत लिहिलं होतं, तेवढंच मला आठवत होतं. वहाण पहिल्याच मैलात तुटली. पायात काटा गेला तो तिथंच मोडला. मागून गाडीचा आवाज आला की मी करवंदीच्या जाळीआड बसायची. वाटेत शेतातून एक बाई ओरडली, "कुनाची गं तू पोरी? कोन मेलं का?" मी म्हटलं, "कुणी नाही!" आणि ते म्हणताना मला एकदम भीती वाटली. तिथं कुणी नाही, असंच मास्तर म्हणाले होते.

शाळेच्या फाटकात आले तेव्हा सव्वाअकरा झाले होते. पेपर अकराला सुरू झाला होता. शिपाई मला बघून उठला. त्यानं दार उघडलं आणि हातानं आत लोटल्यासारखं केलं. मी माझ्या बाकावर जाऊन बसले. बाटली काढून ठेवली. समोर उत्तरपत्रिका नव्हती, प्रश्नपत्रिकाही नव्हती.

मास्तर समोरच्या टोकाला होते. ते रांगेतून सावकाश येऊ लागले. मी हात वर केला. ते माझ्या पुढच्या बाकाशी थांबले, त्या मुलाचा नंबर बघितला, पुढे आले, माझ्या बाकाकडे बघितलं आणि तसेच मागच्या बाकाकडे गेले. मला वाटलं, रागावलेत. ते परत फिरले. मी पुन्हा हात वर केला, अगदी त्यांच्या कोटाला लागेल एवढा. त्यांनी बघितलं. मी ते डोळे विसरलेले नाही. खिडकीची काच पुसलेली असली की माणूस काचेकडे बघत नाही, पलीकडे बघतो, तसे ते डोळे माझ्यातून पलीकडच्या भिंतीवर गेले होते. त्यांनी नोंदवही उघडली, पेन्सिल ओली केली आणि माझ्यापासून एका हातावर उभं राहून पुटपुटले, "एकशे सतरा, गैरहजर."

तेवढ्यात अर्ध्या तासाची घंटा झाली.

परीक्षेत बोलायचं नाही, हा नियम आम्ही त्यांच्याकडूनच पाठ केला होता. मी उभी राहिले. "मास्तर, मी आहे."

सगळ्या माना वर झाल्या. मास्तरांनी मात्र आधी दाराकडे बघितलं, मग मागच्या रांगेकडे, मग वर आढ्याकडे.

"कोण बोललं?" त्यांनी विचारलं.

दुसरे सुपरवायझर आमचे ड्रॉइंगचे सर होते, तरणेबांड, विनोदी माणूस. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "मास्तर," ते म्हणाले, "अहो, त्या तुमच्या समोर उभ्या आहेत."

मास्तरांनी हात पुढे केला आणि चाचपडत बाकाची कड धरली. मी इतकी कापत होते की बाक कापत होतं आणि त्यावर माझी शाईची बाटली खुळखुळत होती. ते त्यांच्या तळव्याला कळलं. त्यांनी मान खाली घालून बाटलीकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे, मग पदराकडे, आणि शेवटी, झोपेतून जागं होणारा माणूस बघतो तसं, माझ्या तोंडाकडे.

"नाव?" त्यांनी विचारलं. चार वर्षं त्यांनी मला शिकवलं होतं. मी नाव सांगितलं.

"कशानं आलात?"

"चालत. कापूरहोळहून."

"किती वेळ लागला?"

"साडेतीन तास."

"मी तीन लिहिलेत," ते म्हणाले.

"पायात काटा गेला, मास्तर."

त्यांनी नोंदवहीतली ती ओळ खोडली. त्यांच्या वहीत खाडाखोड कधी नसायची. खोडताना पेन्सिलीचं टोक मोडलं, आणि मोडक्या टोकानं त्यांनी पुढे लिहिलं, 'हजर. अर्ध्या तासाच्या आत.' मग उत्तरपत्रिका आणून माझ्यापुढे दोन्ही हातांनी ठेवली आणि खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले ते पेपर संपेपर्यंत.

दुपारी वडील परत आले. शाळेच्या फाटकाबाहेर पिंपळाच्या पारावर बसून राहिले, आत आले नाहीत. घरी जाताना ते पुढे आणि मी मागे, लंगडत. ते स्थळ अर्थातच मोडलं. पावसाळ्यापर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. आई मात्र रोज सकाळी वेणी घालायची आणि पेपरला पाठवायची. एकदाही काही विचारलं नाही.

मला त्यानंतर एक चमत्कारिक सवय लागली होती. कुणाशी बोलायला गेले की मी आधी त्या माणसाच्या डोळ्यांत बघायची, त्याला मी दिसतेय ना म्हणून. वाण्याकडे, देवळात, मैत्रिणीच्या घरी. वर्षभर ती सवय गेली नाही. आरशापुढे तर मी उभीच राहत नसे.

निकाल लागला. मी कशीबशी पास झाले होते. कागद आणायला शाळेत गेले तेव्हा मास्तर गणिताच्या खोलीत एकटेच होते. फार वाळले होते. बैठकव्यवस्थेचं काम त्यांनी सोडल्याचं मी ऐकलं होतं. त्यांनी पेढा घेतला, पण तोंडात घातला नाही.

"तुम्ही आलात," ते म्हणाले.

"हो, मास्तर."

"म्हणजे मी चुकलो."

मला वाटलं, त्यांना वाईट वाटतंय. मी म्हटलं, "एकदाच तर चुकलात."

त्यांनी पेढा टेबलावर ठेवला. "एकदा चुकलो," ते म्हणाले, "तर त्या तिघांचं काय? ती पोरं येणारच नव्हती, की मी दौत ठेवली नाही म्हणून आली नाहीत?"

मी पाया पडले आणि निघाले.

त्याच सुट्टीत ते छत्री घेऊन बाहेर पडले, असं शिपायानं सांगितलं. देवी येऊन गेलेल्या मुलाच्या आईकडे गेले. तिनं सांगितलं, आठ दिवस आधीपासूनच पोर तापलं होतं, शाळेत कुठलं जातंय. पलटणीत गेलेल्याच्या घरी गेले. तिथं त्याच्या भावानं पत्रं दाखवली. शाळा नको म्हणूनच पळालो, असं त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. तिसरा राहिला. मग मास्तर कुठं गेले ते शिपायाला माहीत नव्हतं. भोरला ते परत आले नाहीत. त्यांच्या खोलीतलं सामान त्यांच्या पुतण्यानं येऊन नेलं.

मी पुढे मास्तरीण झाले. चार-पाच वर्षांनी माझी बदली वेल्ह्याला झाली. तिथं एका पालकाच्या घरी गेले होते, तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीत. त्याला लिहिता-वाचता चांगलं येत होतं, इंग्रजीसुद्धा. मी विचारलं, कुठं शिकलात. तो म्हणाला, भोरला. मॅट्रिकपर्यंत. बसलो मातर न्हाई. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

"हितं एक मास्तर आलं व्हतं," तो आपणहून बोलायला लागला. "आमचंच, गनिताचं. भर उनाचं. काळा कोट, छत्री. दारात उबं राहिलं. आत या म्हनलं तर येईनात. मला म्हनलं, तुम्ही त्या दिवशी का आला नाहीत? मला, तुम्ही!"

"तुम्ही काय सांगितलं?"

"म्या म्हनलं, ताप आला व्हता. घाटातनंच मागं फिरलो. तर म्हनलं, बाक बघायला आला नव्हतात? म्या म्हनलं, न्हाई. भोरचं तोंडच बगितलं न्हाई त्या टायमाला. नक्की का? व्हय मास्तर, आईची आन."

अंगणात त्याची दोन पोरं पाटीवर पाढे गिरवत होती.

"आलो व्हतो बाई," तो हळू म्हणाला. "आदल्या दिशी. लई तयारी केली व्हती म्या. बाक बगितलं, आन् अंगातलं बळच गेलं. येशीत बसून राहिलो जरा येळ, मग चालाय लागलो घराकडं."

"मग त्यांना खरं का नाही सांगितलं?"

"तुमी त्यांचं त्वांड बगितलं असतं तर तुमीबी सांगितलं नसतं," तो म्हणाला. "मग आलं आत. घरच्या बाईनं नाचणीच्या भाकरी वाढल्या. आधी नगं नगं म्हनलं. मग चार भाकरी खाल्ल्या बाई त्यांनी, कोरड्याच, कालवणाला थांबलं न्हाईत. आन् हात न धुता तितंच, भितीला टेकून झोपी गेलं."